'इतर' नावाचा खण



'पहिले मराठी वृत्तपत्र ____' या गाळलेल्या जागेत 'दर्पण' लिहून आपण सगळ्यांनी एकेक गुण मिळवला. बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे, म्हणजे आपल्याच देवगड तालुक्यातले, हे बाई सांगत होत्या तेव्हा माझं लक्ष मधल्या सुट्टीकडे होतं. बाई, माफ करा.

पुढे मी सॉफ्टवेअरमध्ये गेले. काही वर्षांपूर्वी शोधपत्रिकांची सूची करायचं काम हाती आलं. कुणी कुणाचा आधार घेतला ते मोजायचं आणि संशोधन कुठल्या दिशेला चाललंय ते आलेखात दाखवायचं. माझ्या प्रोग्रॅमला देवनागरी शीर्षक ओळखता येत नसे. तो अशी नोंद 'इतर'मध्ये टाकी. चाचण्या सगळ्या पास! एकदा सहज 'इतर' उघडलं, तर आत मराठी पुस्तकांचा ढीग. त्यात एक होतं रामकृष्ण विश्वनाथ यांचं, १८४३ सालचं. नावही ऐकलं नव्हतं.

इंग्रजी राज्यात देशाची संपत्ती कशी बाहेर जाते, हे या गृहस्थांनी मराठीत लिहून ठेवलंय. त्याआधी, १८४१ मध्ये, भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी 'ए हिंदू' या टोपणनावाने 'बॉम्बे गॅझेट'मध्ये तेच बजावलं होतं. आपण हा विचार दादाभाईंच्या नावावर पाठ केला. त्यांनी तो मांडला १८६७ मध्ये. या आधीच्या मंडळींकडे जे. व्ही. नाईक या इतिहासकारांनी २००१ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त लक्ष वेधलं. केंब्रिजच्या 'मॉडर्न इंटलेक्च्युअल हिस्टरी' या पत्रिकेनेही २००७ मध्ये भारतावर खास अंक काढला. म्हणजे अभ्यासक आपल्याकडे वळत होते, आणि मी मराठी आधार मोजणीतून गाळत होते. आलेखात मराठीची रेघ शून्यावर दिसे आणि वरिष्ठ म्हणत, यात काही चाललेलं नाही.

बाळशास्त्रींनी १८३२ मध्ये 'दर्पण' काढलं ते एका पानावर दोन रकाने ठेवून, इंग्रजी आणि मराठी शेजारी-शेजारी. माझ्या यंत्राला एवढंही जमलं नव्हतं. दुरुस्तीला चार दिवस लागले. आधीचे अहवाल मात्र छापून गेले होते, ते तसेच राहिले.

आता एक विनंती. घरच्या माळ्यावर आजोबांची ट्रंक असेल, तर जुनी मासिकं, पत्रं, वह्या रद्दीत घालू नका. रविवारपर्यंत मी मिठबावातच आहे, स्कॅनर सोबत आणलाय. वाळवी लागलेली असली तरी चालेल.