फातिमा : एका नावाची कुळकथा

अंगावर पिणाऱ्या मुलाची ती सवय मोडणे, यास मराठीत 'दूध तोडणे' म्हणतात. अरबी भाषेने नेमकी हीच कल्पना योजिली आहे. 'फतम' या धातूचा अर्थ तोडणे. दोर तोडणे आणि मुलाचे दूध तोडणे या दोहोंस तो चालतो. त्यावरून झालेले 'फातिमा' हे नाव म्हणजे मुलाचे दूध तोडणारी माता. जिचे पिल्लू दूध सोडून चरू लागले, त्या सांडणीलाही अरब लोक याच धातूचे विशेषण लावीत. वाळवंटात मूल तितके दिवस जगले, वाढले, हेच केवढे भाग्य! मुलीला हे नाव देणे म्हणजे ती पुढे लेकुरवाळी होवो, असा आशीर्वादच होय.

हे नाव पैगंबरकन्येमुळे जगभर गेले, तरी ते तिच्याहून जुने आहे. तिच्या सासूचे, म्हणजे हजरत अली यांच्या मातेचे नावही फातिमाच. (आपल्याकडे असा योग आला असता, तर सुनेचे नाव लग्नातच बदलले असते!) इ. स. ९६९ मध्ये कैरो वसविणारे फातिमी घराणे स्वतःस पैगंबरकन्येचे वंशज म्हणवीत असे. मुंबईच्या दाऊदी बोहऱ्यांची धर्मपरंपरा त्याच घराण्याशी निगडित आहे.

गोव्यात मात्र हे नाव ख्रिस्ती घरांतही आढळते. पोर्तुगालवर एके काळी अरबांचा अंमल होता. तेथील एका गावाला फातिमा हे नाव आहे. १९१७ साली त्या गावी तीन गुराखी मुलांना मेरीमातेचे दर्शन घडल्याची श्रद्धा पसरली, आणि अरबी नाव मेरीमातेचे बिरुद झाले. मडगावच्या कन्याशाळेलाही तेच नाव आहे.

पुण्याशी या नावाचे नाते एका पत्राने जडले आहे. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाई फुले आजारपणामुळे माहेरी, नायगावास होत्या. तेथून जोतीरावांस लिहिताना त्यांना फातिमेची आठवण होते. आपल्यामागे तिला त्रास सोसावा लागत असेल, तरी ती तक्रार करणार नाही, असा विश्वास त्या व्यक्त करतात. अलीकडे या फातिमेचे आडनाव, जन्मतिथी, घरदार यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. ती होती की नव्हती, येथवर वाद गेला. त्या पत्रात आडनाव नाही, वय नाही. पुण्यात मागे राहून काम ओढणाऱ्या सोबतिणीचे, घरच्या माणसासारखे सहज घेतलेले, एवढे नाव आहे.