पुराचा अंदाज आणि गोठ्यातील जनावरे



धारवाडच्या सप्तापूर भागात महापुराची चर्चा करणे काहींना विनोदाचे वाटेल. हे शहर जलविभाजकावर वसले आहे. येथील काही पाणी शाल्मलेवाटे अरबी समुद्राकडे, तर काही पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाते. परंतु त्या पूर्वेच्या उतारावरच नवलगुंदचे काळे रान आहे, आणि तेथील पशुपालकांना बेण्णीहळ्ळाचा पूर चांगला ठाऊक आहे.

सन २००९ हे देशभर अवर्षणाचे वर्ष होते. तथापि सप्टेंबरच्या अखेरीस व ऑक्टोबरच्या आरंभी कमी दाबाच्या क्षेत्रामुळे विजापूर, बागलकोट, रायचूर या पर्जन्यछायेतील जिल्ह्यांत अतिवृष्टी झाली. जेथे जनावरांच्या चारापाण्याची विवंचना होती, तेथेच ती पुरात सापडली. ऑगस्ट २०१९ चा पूर निराळ्या जातीचा होता. तेव्हा पाऊस मुख्यतः सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळला. मलप्रभा कणकुंबीजवळ उगम पावते आणि सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ धरणात अडते. घाटात पाऊस किती झाला व धरण किती भरले, यावरून रामदुर्ग, नरगुंदकडील गावांना आगाऊ सूचना देता येते. बेण्णीहळ्ळावर असे मोठे धरण नाही. तेथे मेघ गडगडल्यापासून पाणी गोठ्यात शिरेपर्यंत हाती थोडेच तास उरतात.

चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर वा अधिक पाऊस झाल्यास हवामान खाते त्यास ‘अत्यंत जोरदार’ म्हणते. असा पाऊस जिल्ह्यात संभवतो हे खाते सांगू शकते. अमुक ओढा अमुक वाजता चढेल, हे मात्र त्या इशाऱ्यातून निघत नाही. मोठ्या नद्यांच्या पातळीचे अंदाज केंद्रीय जल आयोग देतो. लहान ओढ्यांबाबत वरच्या गावाने खालच्या गावास वेळीच निरोप धाडणे, हाच आजही भरवशाचा उपाय होय.

पुरात पुष्कळ जनावरे दाव्याला बांधलेली असल्यामुळे बुडतात. यास्तव लाल इशारा मिळताच, उजेड असतानाच, ती उंचावर न्यावीत. ते न जमल्यास निदान दावी सोडावीत. धारवाडी म्हैस पोहते, पण गळ्यातील दोर तिला तोडता येत नाही. घरातील माणसेही गोठ्यापायी मागे राहतात, म्हणून जनावरांच्या छावणीची जागा पावसाळ्यापूर्वीच ठरलेली असावी. कडब्याची गंजी उंच ओट्यावर रचावी. भिजून बुरशी आलेला कडबा घालू नये. घटसर्प व फऱ्या यांवरील लस मृगापूर्वी टोचून घ्यावी. पूर ओसरल्यावर टोचलेल्या लशीचा गुण येण्यास काही दिवस जातात.