मोहाचं झाड आपल्या बाजूनं साक्ष देते

(मेळाव्यातील भाषण. बोललं तसंच थोडं नीट करून छापलं आहे.)



मला जमिनीच्या दाव्यांवर बोलायला सांगितलं. मी मोहावर बोलणार आहे. दोन्ही एकच गोष्ट कशी, ते ऐका.

आपल्या गोंडीत इरूक, नदीपलीकडे तेलुगूत इप्पा, मराठीत मोह. शास्त्राच्या पुस्तकात त्याचं नाव मधुका, आणि ते चिकूच्या कुळातलं झाड आहे. फागुन-चैतात पानं झडतात आणि फांद्यांच्या टोकाला फुलांचे घोस येतात. रात्री वटवाघळं त्या गोडासाठी येतात आणि एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाला लावून जातात. पहाटे फूल गळते. पण गळते ती फक्त पाकळ्यांची जाड, गोड वाटी. फळ धरणारा भाग देठावरच राहतो. त्याचाच पुढं टोळ होतो आणि पावसाच्या तोंडावर पिकतो. म्हणजे आपण फूल वेचलं म्हणून झाडाचं काहीच जात नाही. फूलही आपल्याला, टोळीचं तेलही आपल्याला, आणि झाड जागेवर उभं.

बाहेरचा माणूस मोह म्हटलं की दारूच म्हणतो. वाळल्या फुलात निम्म्याच्या आसपास साखर असते, म्हणून दारू होते हे खरं. पण घरात धान संपलं की हेच फूल उकडून, भाजून पोरांच्या पोटात जाते. बैलाला देतो. तेल भाजीत, दिव्यात, फुटलेल्या टाचेला. पानाच्या पत्रावळी. लग्नाच्या मांडवात मोहाची डहाळी, पेनापुढं मोहाची धार. नवा मोह आधी पेनाला, मग आपल्या तोंडात. हे सारं दारूच्या एका शब्दात कसं मावेल?

आता सरकार काय म्हणते ते बघा. इंग्रजानं 1892 साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचाच कायदा केला. फुलं वेचायला अन् घरात ठेवायला बंधन. काहून? तर लोकांनी घरी दारू गाळली की सरकारी दारूचा महसूल बुडते. मग 1927 चा वन कायदा आला, तो आजही चालू आहे. त्यात वनउपज कशाला म्हणायचं याची यादी आहे. काही वस्तू जंगलातून आणल्या तरच वनउपज होतात. पण काही वस्तू जंगलातल्या असोत की नसोत, वनउपजच. त्या दुसऱ्या यादीत मोहाचं फूल आहे, मोहाचं बीसुद्धा आहे. आंब्याचं नाव त्या यादीत नाही. म्हणजे तुमच्या बांधावरचा आंबा तुमचा, आणि त्याच बांधावरचं मोहफूल वनउपज! ज्या झाडावर गरीब जगते, नेमकं त्याच झाडाचं नाव कायद्यात काहून लिहिलं, याचा विचार करा.

आता जमीन. सरकारनं 1978 साली ठरवलं की 31 मार्च 1978 पर्यंतचं शेतीचं अतिक्रमण कायम करायचं. बरं झालं. पण तेव्हा पुरावा काय मागत होते? दंडाची पावती. ज्याला दंड झाला त्याच्याजवळ कागद आहे. ज्यानं कोंबडी देऊन वेळ निभावली, त्याच्याजवळ काय आहे? कोंबडीची पावती कोणी देत नाही.

म्हणून मी म्हणतो, शेतातला मोह बघा. आपल्या आज्यानं जंगल साफ करून शेत काढलं, तेव्हा बाकी झाडं तोडली, पण मोहाला कुऱ्हाड लावली नाही. साहेब म्हणेल, मोह तं आपोआप उगवते, त्यात काय सिद्ध होते? मग साहेबाला दोन झाडं दाखवा. दाट जंगलातला मोह उजेडासाठी सरळ वर चढते, फांद्या उंचावर. शेतातल्या मोहाला चारी बाजूनं मोकळं मिळते, त्याचा घेर मोठा, फांद्या खालपासून पसरलेल्या. असं झाड पाच-दहा वर्षांत होत नाही. भोवतालची जागा कितीतरी वर्षं मोकळी होती, कोणीतरी कसत होतं, हे त्या झाडाच्या अंगावरच लिहिलेलं आहे.

नुसतं झाड दाखवून पट्टा मिळणार नाही, हे मला माहीत आहे. झाडासोबत माणसाचं तोंड पाहिजे, आणि ते कागदावर पाहिजे. म्हणून फुलं पडायला लागायच्या आधी प्रत्येक गावानं एवढं काम करावं:

1. दाव्यातल्या प्रत्येक शेतातले मोह मोजा. छातीच्या उंचीवर दोरीनं वेढा मोजून लिहा.
2. ते झाड कोण वेचते, त्याच्या आधी कोण वेचत होतं, हे बुढ्या माणसांना विचारून लिहा. बायांना आधी विचारा. कोणतं झाड कोणत्या घराचं, हे त्यांना अंधारातही सांगता येते.
3. शेजारच्या दोन शेतकऱ्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्या. गावसभेत सगळ्यांसमोर वाचा. एक प्रत गावात ठेवा, एक संघटनेकडे द्या.

आणखी एक गोष्ट, ही आपल्या आपल्यातली. फुलं दिसावी म्हणून झाडाखालचा पाला जाळतो, ते बंद करा. आग जंगलात जाते, मोहाची लहान रोपं जळतात, आणि मग आपल्याच माथ्यावर जंगल जाळल्याचा डाग येते. झाडून काढायला एक सकाळ जास्त लागेल, लागू द्या. टोळी फोडताना मूठभर चांगल्या बिया बाजूला ठेवा आणि ताज्या असतानाच बांधावर लावा. मोहाचं बी ठेवलं की लवकर मरते. लावलेल्या झाडाला फूल यायला आठ-दहा वर्षं लागतात. तेव्हा ते वेचायला आपली पोरं त्याच शेतात असली पाहिजेत. त्यासाठीच हा दावा आहे.

दोरी घेऊन कामाला लागा. जोहार!