ब्रेकचे ऑइल जाते कुठे?

(जवाहरनगर, जि. भंडारा येथील बैठकीतील भाषण)



इथला मुलूख धानाचा, तुमच्यापैकी बहुतेक जण कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू पट्ट्यातून आलेले. पिके वेगळी, पण बाहेर उभी असलेली वाहने सारखीच. जुन्या जीपा, बोलेरो, पिकअप. वेचणीच्या दिवसांत सकाळी त्यात बाया बसून शेतावर जातात, संध्याकाळी त्यातच कापूस भरतो आणि बाजाराच्या दिवशी निम्मे गाव. कापसाच्या भावावर आधीचे वक्ते बोलले. मी ब्रेकवर बोलणार आहे.

एक वाक्य गावोगाव ऐकू येते. ‘‘आमची गाडी थोडे ब्रेक ऑइल पिते, आठवड्याला टाकावे लागते.’’ भावांनो, इंजीन ऑइल पिऊ शकते, कारण ते जाळू शकते. ब्रेक ऑइल कोणतीच गाडी पीत नाही. पायाजवळचा मास्टर सिलिंडर, तिथून निघालेल्या नळ्या आणि चाकांतले सिलिंडर, असा तो बंद कारभार आहे. लायनर झिजतात तशी बाटलीतली पातळी महिनोन्‌महिन्यांत थोडी उतरते, तेवढे चालायचे. त्याहून जास्त उतरली तर ते गळतेच आहे. वरून ओतत राहणे म्हणजे फुटक्या पाटात पाणी सोडणे.

ट्रॅक्टरची सवय इथे कामाची नाही. जुन्या ट्रॅक्टरचा ब्रेक सळईने ओढला जातो. ढिला झाला की नट आवळला, संपले. जीपमध्ये पेडल खाली गेले तर आवळायला सळईच नाही.

आता शोधायचे कसे? गाडी सपाट जागी लावा, चाकांना दगड लावा, खाली जुने वर्तमानपत्र पसरा. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने चारही चाकांची आतली बाजू, रबरी होज, लोखंडी नळीचे सांधे आणि मास्टर सिलिंडर बघावा. थेंब दिसला तर तो कशाचा हे आधी ठरवा. बोटावर घेऊन वाटीभर पाण्यात सोडा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते. इंजीनचे किंवा गिअरचे तेल वर तरंगते. मागच्या चाकाला ओल असली तर हे बघाच, कारण तिथे ॲक्सलचे सील जाऊनही तेल येते आणि तो दोष वेगळा. बाहेर कुठेच ओल नाही, तरी बाटली रिकामी होते? मग मास्टर सिलिंडर बूस्टरच्या आत गळत असेल. तो सोडवून मागची बाजू पाहावी लागते. बाटली भरलेली आहे, पण दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जाते, तर मास्टरच्या आतले रबर गेले. पेडल स्पंजासारखे लागत असेल तर नळीत हवा आहे.

बहुतेक वेळा चोर सापडतो तो मागच्या चाकात. ड्रम काढा, सिलिंडरची धूळटोपी मागे सारा. आत ओल असली की रबर गेले समजा. रबराचे किट बदला, आणि एका चाकाचे बदलले तर त्याच्या जोडीच्या चाकाचेही बदला. सिलिंडरला आतून गंजाचे खड्डे पडले असतील तर पॉलिश पेपर घासत बसू नका, सिलिंडरच नवा घाला. भिजलेले लायनर उन्हात वाळवून परत बसवणारे मेकॅनिक आहेत. बसवू देऊ नका. ते पुन्हा धरत नाहीत आणि गाडी एका बाजूला ओढते. चाकाकडची नळी चिमटून बंद करून ‘‘चला, जाते गाडी’’ म्हणणारेही आहेत. ती गाडी तीन चाकांवर थांबायचा प्रयत्न करते. आतले वेचणीवाले, कापूस, सगळे त्या तीन चाकांच्या भरवशावर!

आणि नावाने फसू नका. ब्रेक ऑइल हे तेल नव्हेच. साध्या डॉट ३, डॉट ४ डब्यांतला द्रव ग्लायकॉल जातीचा असतो. त्यात इंजीन ऑइल किंवा ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक ऑइल पडले की आतली रबरे फुगतात. मग सगळी रबरे बदलून नळ्या धुऊन काढाव्या लागतात. एका डब्याचे पैसे वाचवायचा हा हिशेब आपल्याला कोणत्याच हंगामात परवडणारा नाही. रबर डिझेलने, रॉकेलने धुऊ नका. ताज्या ब्रेक ऑइलनेच धुवा. ते रंगावर सांडले तर लगेच पाण्याने काढा, नाही तर रंग सोलून निघेल.

हा द्रव हवेतले पाणीही ओढतो. ताजे डॉट ३ निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शिरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत येते. बुलढाण्याहून मलकापूरकडे राजूर घाट उतरताना भरल्या गाडीचे ब्रेक तापतात, जुने ऑइल उकळून वाफ होते, वाफ दबते आणि पेडल तळाला जाते. गळती नसतानाही! म्हणून दर दोन वर्षांनी बदला आणि मागच्या वर्षीचा अर्धा उघडा डबा वापरू नका.

काम झाले की हवा काढायची. बहुधा मास्टरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल अर्धा फेरा सैल करायचे, बुडबुडे निघाले की घट्ट करायचे, मगच पाय उचलायचा. बाटली रिकामी होऊ देऊ नका. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. त्या गाड्यांना यंत्र लावावे लागू शकते, तिथे वर्कशॉपच बरे.

चालत्या गाडीत पेडल गेले, तर भराभर दाबत राहा, गिअर उतरवत या आणि हँडब्रेक हळूहळू ओढा. तो तारेवर चालतो, ऑइलवर नाही. इंजीन बंद करू नका. आणि थांबल्यावर ‘‘हळूहळू घरापर्यंत जाऊ’’ म्हणू नका, गाडी ओढून न्या.

मंडपामागे एक जीप उभी आहे, मागचे डावे चाक काढून ठेवले आहे. चहा झाला की दोघे-दोघे या. एकाने पेडलवर बसावे, दुसऱ्याने पाना घ्यावा.