पुडी कुणाची, पोरगं कुणाचं



वस्तीत गर्दुल्ला सापडला की आपलीच पोरं त्याला खांबाला बांधून फोडतात. वर सांगतात, बाबासाहेबांची प्रतिज्ञा मोडली साल्यानं! 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यात दारू न पिण्याची आहेच. पण ती माणूस उभा करायला दिली होती. तिचं दांडकं कुणी केलं?

गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, भेसळीचं हेरॉइन. मूळ माल अफू. 1898 पासून जर्मनीची बायर कंपनी हेच हेरॉइन खोकल्याचं औषध म्हणून विकत होती. त्याआधी कंपनी सरकारच्या राज्यात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. त्या धंद्यात जमशेटजी जीजीभाई गब्बर झाले, 1842 साली 'सर' झाले. आज आपण पोराला घेऊन जे.जे.च्या रांगेत उभे राहतो, ते इस्पितळही त्यांच्याच देणगीतलं. जहाज भरून अफू विकली तर दानशूर, आणि आमच्या पोराच्या खिशात पुडी मिळाली तर गुन्हेगार!

1980 नंतरच्या वर्षांत ही पुडी मुंबईच्या नाक्यानाक्यावर आली. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, लाखो कामगार घरी बसले. संपामुळे गर्द आली असं मी म्हणत नाही. पण रिकाम्या हातावर पुडी ठेवायला फार अक्कल लागत नाही.

आता अंगात काय होतं ते ऐका, कारण इथं आपण सगळे अडाणी आहोत. रोज पन्नीवर ओढणाऱ्याचं शरीर त्या मालावरच चालायला लागतं. शेवटच्या दमानंतर सहा ते बारा तासांत टर्की सुरू होते. नाकाडोळ्यांतून पाणी, हाडं ठणकतात, उलट्या, जुलाब, झोप नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कहर. तो नाटक करत नाही. शपथ घातली म्हणून हाडं ठणकायची थांबत नाहीत.

दारूचं आणखी वाईट. रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून एकदम तोडली तर फिट येते, भास होतात, माणूस जातोही. म्हणून कोंडू नका, डॉक्टर गाठा. गर्दवर ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं आहेत, ती डॉक्टरच्याच हातून.

कायदाही माहीत असू द्या. 1985 चा एनडीपीएस कायदा नुसतं सेवन केलं तरी शिक्षा सांगतो. पण त्यातच कलम 64अ आहे: सेवनाचा किंवा थोडा माल बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्यासाठी खटल्यातून सूट. उपचार अर्धे सोडले तर ती जाऊ शकते. हेरॉइनची 'थोडी' मात्रा म्हणजे 5 ग्रॅमपर्यंत. चौकीत हे कुणी आपणहून सांगणार नाही, आपणच सांगायचं.

सगळ्यात धोका, पोरगं तुरुंगातून किंवा केंद्रातून सुटून येतं तेव्हा. सवय उतरलेली असते, अन् ते जुन्याच मापानं ओढतं, नाहीतर टोचतं. श्वास मंद होतो, घशात घरघर, ओठ निळे. तेव्हा तोंडावर पाणी मारत बसू नका, पोलीस येतील म्हणून पळू नका. कुशीवर वळवा, 108 ला फोन करा, काय घेतलंय ते खरं सांगा. गाडी येईपर्यंत त्याच्यापाशी बसा, श्वास बघत.