खालच्या अंगाचा शेजारी



एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशननं शिरूरला ठाणं केलं, तेव्हापासून या घोडनदीकाठी प्रभूचं वचन मराठीत वाचलं जातं. त्या परंपरेतल्या लेखकांपुढे, शिरूर आणि दौंडच्या मंडळ्यांपुढे, या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून मला आज आपल्या घरातल्या मोरीबद्दल बोलायचं आहे.

संमेलनाला हा विषय शोभत नाही असं वाटेल. पण भीमा डोळ्यांपुढे आणा. पुण्याचं सांडपाणी पोटात घेऊन मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ तिला मिळते. पुढे घोड मिळते, मग दौंड, मग उजनी. जलपर्णी माजली की पाणी दिसेनासं होतं आणि काठावरच्या माणसाला नाक धरावं लागतं. आपण पुणेकरांना बोल लावतो, तो रास्तच आहे. मात्र आपल्या गटारांचं पाणी तरी कुठे जातं? त्याच उजनीत. सोलापूरकर ते पाणी पितात. धरणातून सोडलेलं पाणी पंढरपुरी चंद्रभागेत येतं आणि आषाढीला वारकरी त्यात स्नान करतो.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्याला पाठ आहे. प्रभूनं शेजारपण शिकवलं ते एकमेकांना परक्या असलेल्या दोन माणसांतून. आपला तसा परका माणूस नदीच्या खालच्या अंगाला राहतो. आपण त्याला कधी पाहिलेलं नाही, पण आपल्या धुण्याचा फेस त्याच्यापर्यंत जातो. म्हणून मोरीची काळजी हा मला उपासनेचाच भाग वाटतो.

ही वाट आपल्याच माणसांनी दाखवली आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘हरित वसई’साठी रस्त्यावर उतरले आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. घोड ओलांडली की नगर जिल्हा लागतो; तिथे स्वित्झर्लंडहून आलेल्या फादर हर्मन बाखर यांनी दुष्काळी गावांना पाणलोटाचं काम शिकवलं. पोप फ्रान्सिस यांनी तर २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात कचरा वेगळा करणं, पाणी जपणं, खाल्लं जाईल तेवढंच शिजवणं अशी साधी घरकामं सांगितली. जगभरच्या मंडळीला लिहिताना त्यांना ती क्षुल्लक वाटली नाहीत.

आपल्याकडे परसात जागा असेल तर शोषखड्डा जमतो. तळाशी मोठे दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर वाळू, आणि मोरीच्या तोंडाशी खरकटं अडवणारी जाळी. ती जाळी रोज उचलून साफ करावी लागते, नाहीतर खड्डा तुंबतो. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी शेवग्याच्या आळ्यात जावं. शिरूरच्या कोरडवाहू गावांत, जिथे टँकरची वाट पाहावी लागते, तिथल्या बायका हे मुकाट्यानं करत आल्या आहेत. माझी मंडळीतल्या पुरुषांना विनंती आहे की त्या पाण्याची बादली त्यांनी उचलावी आणि जाळीही त्यांनीच धुवावी. पर्यावरणाच्या नावानं घरातल्या बाईच्या कामात भर घालणं ही भक्ती नव्हे.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. महाराष्ट्रात २०१८ साली थर्मोकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आली. तरी आपल्या प्रीतिभोजनानंतर चर्चच्या मागे काय पेटवलं जातं, ते पाहा. नाताळची गव्हाणी कडब्याची आणि पोत्याची छान होते. कबरीवर झेंडू वाहावा; प्लॅस्टिकची फुलं पावसाबरोबर ओढ्यात जातात.

लेखकहो, आपण स्वर्गाविषयी पुष्कळ लिहिलं, गेथशेमाने बागेविषयी लिहिलं. भीमेविषयी, वाळू उपसून खरवडलेल्या तिच्या पात्राविषयी ख्रिस्ती लेखणीतून फार थोडं आलं. या वर्षी ते लिहा. संध्याकाळी ठराव मांडले जातील, तेव्हा माझ्या वतीनं दोन मांडावेत : मंडळीच्या जेवणावळीत धुऊन पुन्हा वापरता येतील अशीच ताटं असावीत, आणि प्रत्येक चर्चच्या आवारात येत्या पावसाळ्याआधी शोषखड्डा खणला जावा. पहिला खड्डा खणायला मी येईन.