फोटोबाहेरचा हात

(आमच्या गटाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय 'बाईचे न दिसणारे श्रम' असा आहे. माझ्या आधी बोललेल्या मैत्रिणींनी पाणी, सरपण, शेतमजुरी यांविषयी मांडणी केली. मी बोलणार आहे एका शुभेच्छापत्राविषयी. हसू नका. मलाही आधी ते फालतूच वाटलं होतं.

2023 च्या डिसेंबरात मी लेकीकडे होते, न्यू जर्सीतल्या एडिसनला. तिकडे नाताळच्या सुमारास घरच्यांचा फोटो छापलेली कार्डं नातेवाइकांना, ओळखीपाळखीच्यांना पाठवायची रीत आहे. आपली मंडळीही पाठवतात. नाताळ आपला नाही म्हणून नुसतं 'हॅपी हॉलिडेज' छापतात, एवढंच. घरात लहान मूल असलं की कार्डावर तेच हवं, आणि हसरं हवं. माझा नातू तेव्हा दीड वर्षाचा होता.

शनिवारी सकाळी बेत ठरला. झोप झालेली, पोट भरलेलं, म्हणजे पोर हसेल असा हिशोब. दिवाळीतला लाल झब्बा अंगात चढवला, तो त्याला टोचायला लागला. टोपी तर डोक्यावर दोन मिनिटं टिकेना. मोबाइल माझ्या हातात. मी तो डोळ्यांसमोर धरला की साहेब धावत माझ्याकडे, मोबाइल हिसकायला. त्याला उचलून परत सोफ्यावर बसवायचं काम लेकीचं. असं पंधरा-वीस वेळा झालं. मग तिनं युक्ती काढली. सोफ्यामागे गुडघ्यांवर बसली आणि मागून त्याचा झब्बा मुठीत घट्ट धरला. इकडून मी काऊ-चिऊ करतेय, माझ्या पाठीशी जावई कुत्र्यासारखा भुंकतोय. (चांगला भुंकतो.) पोर आमच्याकडे असं बघत होतं, की यांना झालंय तरी काय! मग रडायला लागलं. केळं दिलं, ते झब्ब्यावर सांडलं. झब्बा धुवून इस्त्रीनं वाळवेपर्यंत त्याची झोपेची वेळ झाली. उठला तेव्हा उजेड गेलेला. तिकडे त्या दिवसांत साडेचारलाच अंधारतं.

रविवारी पुन्हा तेच. दोन दिवसांत मी 214 फोटो काढले. हसरा निघाला एक. त्यात सोफ्याच्या वर लेकीचं कपाळ आणि विस्कटलेले केस दिसत होते, आणि झब्ब्यापाशी तिची मूठ. तिनं तो फोटो बोटांनी मोठा केला, सरकवला, स्वतःला कापून टाकलं आणि छापायला पाठवला.

पण खरं काम पुढेच होतं. यादीत 85 नावं. मी मोजली, त्यातली 47 जावयाच्या बाजूची. कुणी घर बदललं, कुणाचा घटस्फोट झाला म्हणून आता एकच नाव लिहायचं, कुणाकडे यंदा दुःख झालंय म्हणून हसरं कार्ड न पाठवता चार ओळी हातानं लिहायच्या. हे सगळं तिच्या डोक्यात. 66 सेंटचं तिकीट, 85 पाकिटांना 56 डॉलर 10 सेंट. पोर निजल्यावर रात्री अकरापर्यंत ती पाकिटं चिकटवत होती. जावई मनापासून म्हणाला, "एवढा ताप होतो तर नको ना पाठवूस." माणूस भला आहे, स्वयंपाक करतो, पोराचं सगळं करतो. लेक म्हणाली, "नाही पाठवलं तर तुझी आत्या तुला नाही विचारणार. मला विचारेल."

मिकाएला दि लिओनार्दो या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ बाईंनी 1987 साली 'साइन्स' या नियतकालिकात नेमक्या याच कामावर निबंध लिहिला. कॅलिफोर्नियातल्या इटालियन वंशाच्या घरांचा त्यांनी अभ्यास केला होता. पत्रं, फोन, भेटवस्तू, सणाची कार्डं या सगळ्याला त्यांनी 'नात्यांचं काम' असं नाव दिलं. नवऱ्याच्या नातेवाइकांशीही संबंध राखते ती बायकोच. बाई वारली किंवा घटस्फोट झाला की ते काम पडून राहतं, आणि पुरुषाच्या आयुष्यात दुसरी बाई आली की पुन्हा सुरू होतं. हे नुसतं ओझं नाही, यातून बाईला कुटुंबात वजनही मिळतं, असंही त्या सांगतात. ते मला पटतं. लेकीला ती यादी दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची नव्हती.

आपण शिबिरांत बायकांना दिवसाचं घड्याळ काढायला लावतो. पहाटेपासूनचं एकेक काम लिहायचं. इतकी वर्षं मी ती घड्याळं काढून घेतली, पण 'हळदीकुंकवाचं बोलावणं', 'नणंदेच्या बाळंतपणाला काय पाठवायचं याचा विचार' असं कधी कुणी लिहिलं नाही. आणि मीही विचारलं नाही.

परत आल्यावर एका तरुण मैत्रिणीनं मला जुनी युरोप-अमेरिकेतली छायाचित्रं दाखवली. एकोणिसाव्या शतकात फोटोला कितीतरी सेकंद स्तब्ध बसावं लागे. मोठ्यांच्या मानेमागे लोखंडी आधार लावत. तान्ह्याला काय लावणार? मग आई खुर्चीवर बसे, तिच्या अंगावरून डोक्यासकट पडदा किंवा चादर टाकत आणि मांडीवर मूल ठेवत. कधी ती दाई असे, कधी स्टुडिओतलं कुणी. फोटोत दिसतं ते मूल आणि त्याच्यामागे कापडाचा ढिगारा. उरलासुरला हात पुठ्ठ्याच्या चौकटीखाली जाई. लिंडा फ्रेन्यी नागलर या इटालियन कलावतीनं असे जवळजवळ हजार फोटो जमवून 2013 साली व्हेनिसच्या बिएनालेत मांडले होते.

ते बघताना मला बसवेना. कारण सांगते. आजवर गटात कधी सांगितलं नव्हतं.

माझा लहानपणीचा एकच फोटो आहे, 1957 मधला, सांगलीच्या स्टुडिओत काढलेला. मी दहा महिन्यांची, नक्षीच्या स्टुलावर बसलेली, कपाळाला गालबोट, मागे रंगवलेली बाग. मी तीन वर्षांची असताना आई बाळंतपणात गेली. तिचा फोटो नाही. लग्नात फोटो काढण्याची ऐपत नव्हती, पुढे कुणाला सुचलं नाही. ती कशी दिसायची हे मला ठाऊक नाही. 1975 साली घर बदलताना त्या तसबिरीची काच फुटली. फोटो चौकटीतून काढला, तर पुठ्ठ्याखाली झाकलेल्या कडेला चार बोटं होती, माझ्या कमरेला धरलेली, आणि बांगड्यांची एक कड. करंगळी वाकडी. मावशी शेजारीच होती. म्हणाली, "अगं, ही तर ताई. तू पडशील म्हणून खाली बसून धरलं होतं तिनं तुला."

वडिलांनीच तसबीर करून घेतली होती. त्यांना ती बोटं दिसली नसतील असं नाही. फोटो बाळाचा होता, एवढंच.

लेकीला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा कार्डं कधीच जाऊन पोचली होती. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनं तो न कापलेला फोटो मला पाठवला, तो मी इथे छापून घेतलाय. दोन्ही फोटो बरोबर आणलेत, फिरवते. नव्यात सोफ्याच्या वर बघा. आणि जुना जरा कडेनं धरा, कोपरे तुटायला लागलेत.